छेद कोण मोजणार?

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या सीमेवरचं एक गाव. रोवणी उरकत आली होती आणि मी घरोघर फिरून मागच्या वर्षभरातले जन्म-मृत्यू लिहून घेत होते. एका घरी आजीने तीन नातवंडांची नावं सांगितली, मी लिहिली. उठताना सवयीनं विचारलं, "आजी, आणखी कोणी?" ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एक झालता मागच्या पोयाच्या टायमाले. तीन दिस होता." मी पुन्हा वही उघडली, तशी म्हणाली, "बाई, त्याले नाव बी नाई ठेवलं. त्याले काहाले लिवता?"

मी तेव्हा नुकतीच एका आरोग्य संशोधनाच्या प्रकल्पात फील्डवर काम करायला लागले होते. आजीला देण्याजोगं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आज विदर्भात संशोधनाची क्षमता उभी करायला हवी, असं सगळे बोलतात तेव्हा मला तिचाच प्रश्न आठवतो. या विषयाचं मूळ तिथेच आहे, म्हणून सुरुवातही तिथूनच करते.

जैववैद्यकीय संशोधन हा शब्द जड आहे, अर्थ साधा आहे. आजार कोणाला होतो, का होतो, कशानं ओळखता येतो आणि कशानं बरा होतो, हे पुराव्यानिशी शोधून काढणं. त्याची क्षमता म्हटलं की डोळ्यांसमोर इमारत येते, पांढरे कोट येतात, परदेशी यंत्रं येतात. हे सगळं लागतं. पण यंत्र विकत मिळतं. विकत मिळत नाही ती गोष्ट आपण सगळे पाचवीत शिकलेलो आहोत: अपूर्णांकातला छेद.

समजा, एका तालुक्याच्या दवाखान्यात वर्षभरात न्यूमोनियानं दहा बाळं दगावली. हा आकडा मोठा की लहान? सांगताच येत नाही. तालुक्यात पाचशे बाळं जन्मली असतील तर एक अर्थ, पाच हजार जन्मली असतील तर दुसरा. शिवाय दवाखान्यापर्यंत न पोचता घरीच किती गेली, तेही माहीत नाही. दवाखान्याच्या रजिस्टरात फक्त अंश असतो, तोही अर्धवट. छेद गावात असतो: चुलीपाशी, बाजेवर, शेतावर. तो कोणीतरी चालत जाऊन आणावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत ताप, सर्पदंश, अतिसार वाढलेले असतात. ज्या महिन्यांत मोजायला सर्वात जास्त असतं, त्याच महिन्यांत मोजणारा पोचत नाही.

छेद हातात आला की काय घडतं, याचं विदर्भातलं उदाहरण जगाला माहीत आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्यांची नव्हे, गावातल्या स्त्रियांची, तक्रार असो वा नसो. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. सरासरी काढली तर एका बाईमागे साडेतीनहून जास्त आजार. आणि याआधी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तोपर्यंत गावातल्या बाईच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंब नियोजन या दोनच शब्दांत उरकला जायचा. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं ही बाईच्या जातीला असायचीच, असं बायकाही मानत. दवाखान्याच्या कागदांवरून अभ्यास केला असता तर तो त्या आठ टक्क्यांचाच झाला असता, आणि निष्कर्ष निघाला असता की या भागात स्त्रीरोग फारसे नाहीत. या अभ्यासाला लागलेली अवजारं फार महागडी नव्हती. महाग होता तो गावाचा विश्वास.

आता तुलनेचं सांगते, कारण संशोधनातली ही पायरी लोकांना सगळ्यात अन्यायाची वाटते. एखादा उपाय चांगला दिसतोय, तर तो सगळ्या गावांना एकदम का देत नाहीत? काही गावं नुसती बघत का ठेवता? कारण असं की बाळांचे मृत्यू दरवर्षी थोडे वर-खाली होतातच. पाऊस चांगला झाला, रस्ता झाला, नवीन डॉक्टर आला, तरी आकडा बदलतो. आपल्या उपायानं किती बदलला, हे कळायला शेजारची तशीच गावं लागतात, जिथे बाकी सगळं तेच आहे, फक्त तो उपाय नाही. शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. नवीन बियाणं घेतलं की तो दोन ओळी जुन्याच्या ठेवतो.

'सर्च'नं नवजात बाळांच्या घरगुती सेवेचा प्रयोग केला तेव्हा ३९ गावांत उपाय होता आणि ४७ गावं तुलनेला होती. १९९३ ते १९९५ ही पहिली दोन वर्षं मोजणीची होती. उपाय नंतर. मोजून कळलं की उपायाच्या गावांमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जातात. मग गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या स्त्रियांना शिकवलं. बाळाचं वजन घेणं, ताप मोजणं, ऊब देणं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं कोणती, आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा. तिसऱ्या वर्षी तो आकडा ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या गावांमध्ये तो होता तिथेच राहिला. तीच ४७ गावं नसती तर कोणीही म्हणालं असतं, "काळच बदलला असेल." १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून केंद्र सरकारनं आशाताईंमार्फत बाळ-बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. आज तुमच्या घरी बाळंतपणानंतर आशाताई वजनकाटा घेऊन येत असेल, तर त्यामागे गडचिरोलीतल्या त्या वह्या आहेत.

याच कामातली एक छोटी वस्तू मला फार आवडते. न्यूमोनिया झालेल्या बाळाचा श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, ही जगभर वापरली जाणारी खूण. पण दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? तिला दहापर्यंत मोजता येतं. म्हणून मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ असं एक साधन तयार केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर बाळाची छाती भरली आहे. ज्या बाईला अक्षर येत नाही, तिच्या हातात निदान आलं. क्षमता उभी करणं म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी आधी हे मणी दाखवीन, इमारत नंतर.

तरी प्रयोगशाळेशिवाय भागत नाही, हेही तितकंच खरं. श्वास मोजता येतो, विषाणू डोळ्यांना दिसत नाही. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुऱ्यात तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात एक नवाच विषाणू सापडला. शोधला पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी. नाव मिळालं चांदीपुरा. त्यानंतर बरीच वर्षं तो फार धोक्याचा नाही असंच समजलं जात होतं. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांना मेंदूज्वर झाला. ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ दगावली, आणि कारण निघालं हा चांदीपुरा विषाणू. पुढे विदर्भातही तो मुलांच्या मेंदूज्वरात सापडला. १९६५ ते २००३ म्हणजे ३८ वर्षं. या काळात आपल्याकडच्या खेड्यांत ताप येऊन, झटके येऊन, एका दिवसात गेलेल्या मुलांपैकी किती याची होती? आता कळायचा मार्गच नाही. कोणाच्या रक्ताचा थेंब जपून ठेवलेला नाही. नाव आपल्या मातीचं आणि हिशेब मात्र कुठेच नाही, हे मला सहन होत नाही.

थेंब जपणं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण बाहेरून हे अगदी सोपं दिसतं. मुलाचं रक्त घेतलं. ते जोरात हलवलं तर त्यातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि बऱ्याच तपासण्या बाद होतात, म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावरून मोटरसायकलच्या डिकीत टाकून चालणार नाही. ते वेळेत यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं करावं लागतं. ते बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला थेट न टेकवता ठेवायचं. चांदीपुरासारख्या विषाणूचा जनुकीय भाग उष्णतेनं भराभर तुटतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा या भागांत पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. जास्त दिवस ठेवायचं असेल तर उणे सत्तर-ऐंशी अंशांचा डीप फ्रीजर हवा. त्या फ्रीजरला अखंड वीज हवी, वीज गेली तर जनरेटर हवा, जनरेटरला डिझेल हवं आणि रात्री दोन वाजता उठून तो सुरू करणारा माणूस हवा. मी काम केलेल्या एका ठिकाणी सलग सुट्ट्या आल्या होत्या, वीज गेली, आणि गजर वाजला तो रिकाम्या इमारतीत. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा वर्षभर गावागावांतून गोळा केलेले नमुने वितळून गेले होते. त्या प्रत्येक नळीमागे एक हात होता, कोणीतरी "घ्या बाई" म्हणून पुढे केलेला. फ्रीजर घ्यायला पैसे मिळाले होते. रात्रपाळीच्या माणसाच्या पगाराची तरतूद प्रकल्पात नव्हती.

म्हणून कुठे नवीन प्रयोगशाळेचं उद्‌घाटन झालं की मी पहिला प्रश्न विचारते, रात्री कोण असतं?

कधीकधी आजारच रात्री बोलावतो. हत्तीरोग विदर्भातल्या बऱ्याच जिल्ह्यांचा जुना सोबती. पाय सुजून हत्तीपाय होतो, तो सूक्ष्म जंतांमुळे. हे जंत मोठे झाले की लसीकावाहिन्यांत राहतात, पण त्यांची पिल्लं रक्तात येतात ती रात्री, कारण त्यांना पसरवणारा डास रात्री चावतो. दिवसा रक्त तपासलं तर माणूस निरोगी दिसतो. म्हणून हत्तीरोगाचं पथक गावात येतं ते लोक जेवून आडवे झाल्यावर. विजेरीच्या उजेडात बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं. कुत्री भुंकतात, लेकरं रडतात, घरधनी म्हणतो उद्या या. उद्या सकाळी येऊन उपयोग नसतो, हे त्याला पटवावं लागतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगाच्या रक्ततपासणीवर अनेक वर्षं काम झालं. जंताचं पिल्लू शोधण्यापेक्षा जंतामुळे रक्तात आलेल्या खुणा शोधायच्या, अशी ही दिशा. आज जगभर वापरात असलेल्या, अशाच खुणा शोधणाऱ्या प्रतिजन-तपासण्या दिवसाही करता येतात. दिवसा होणारी तपासणी महत्त्वाची का आहे, हे रात्री गावात पायपीट केलेल्याला लवकर कळतं. सेवाग्रामची ही संस्था म्हणजे सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेलं देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. तिथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. डॉक्टर व्हायच्या आधीच छेद कुठे राहतो ते त्यांनी पाहिलेलं असतं.

आता सिकलसेल. विदर्भातल्या वाचकाला हा शब्द नवा नाही. कोणाच्या ना कोणाच्या घरी 'एएस पॅटर्न' नाहीतर 'एसएस पॅटर्न' निघालेला असतो. तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकात एका ठिकाणी बदल होतो आणि पेशी विळ्यासारखी वाकते. दोन्ही पालकांकडून बदललेलं जनुक आलं तर एसएस, म्हणजे आजार. एकाकडून आलं तर एएस, म्हणजे वाहक, ज्याला सहसा काही त्रास होत नाही. दोन एएस जोडीदार असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. मध्य भारतात हा रोग असल्याची नोंद १९५८ सालीच झाली होती.

या रोगाबद्दल पुस्तकांत एक वाक्य असायचं, की भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो, कारण आपल्या रुग्णांच्या रक्तात बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं. नागपूरच्या मेडिकलमधल्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या, बालरोगतज्ज्ञांना मात्र वेगळं दिसत होतं. वारंवार असह्य वेदना घेऊन, रक्त चढवून घ्यायला, छाती भरून येणारी मुलं. त्यांनी ही मुलं नोंदवली, मोजली, वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. मग औषधाचा प्रश्न आला. हायड्रॉक्सियुरिया हे औषध परदेशात हळूहळू डोस वाढवत, वारंवार रक्त तपासत दिलं जायचं. खेड्यातून येणारं कुटुंब मजुरी बुडवून दर पंधरवड्याला नागपूरला कसं येणार? म्हणून इथे चाचणी झाली ती कमी आणि न बदलणाऱ्या डोसची, दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम. काही मुलांना औषध, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, आणि कोणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही माहीत नाही. हेतू हा, की मनातली आशा निकालात मिसळू नये. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. या साध्या डोसनंही मुलांच्या वेदनांचे झटके कमी झाले होते. हा प्रश्न लंडन-न्यूयॉर्कमध्ये बसलेल्याला पडलाच नसता, तिथे बसची शेवटची फेरी चुकण्याची भीती नसते. स्थानिक संशोधन का लागतं, याचं मला यापेक्षा चांगलं कारण माहीत नाही.

सिकलसेलनं आणखी एक धडा दिला. प्राथमिक आरोग्य केंद्रात होते ती विद्राव्यता चाचणी. रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात, गढूळ झालं तर सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे. पण एएस की एसएस, हे ती सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते, आणि ती असते दूर. या दोन तपासण्यांच्या मधल्या आठवड्यांत घरात काय चालतं, ते मी पाहिलं आहे. "मुलीचं रक्त खराब निघालं" एवढंच पोचतं. सोयरीक मोडते. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे सांगायला माणूस पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. मुलाच्या रिपोर्टबद्दल कोणी एवढं विचारत नाही. म्हणून ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रपूरला रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं केंद्र देशाला अर्पण झालं, तेव्हा मला बरं वाटलं. खात्रीची तपासणी रुग्णाच्या जवळ आली, तर तो मधला काळ कमी होईल. १ जुलै २०२३ पासून २०४७ पर्यंतची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य घेऊन. एवढे रिपोर्ट घरोघर जाणार आहेत. यंत्रांच्या बरोबरीनं समुपदेशन करणारी माणसं नेमली नाहीत तर त्या मधल्या आठवड्यांत मोडणाऱ्या सोयरिकीही तितक्याच पटीनं वाढतील.

संमतीचंही इथेच सांगते. संशोधनासाठी कोणाचं रक्त घ्यायचं तर त्याची समजून-उमजून दिलेली परवानगी लागते. ती तपासायला नैतिकता समिती असते. तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, आणि तिच्यात डॉक्टरांशिवाय कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही लागतो. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घ्यायचा तर निःपक्ष साक्षीदार हवा. नियम चांगले आहेत. अडचण भाषेची आहे. संमतीपत्र मराठीत छापलेलं, समोरची बाई माडिया किंवा कोरकू किंवा कोलामी बोलणारी. 'जनुक' या शब्दाला तिच्या भाषेत काय म्हणायचं? आमच्या एका सहकारी ताईनं गोंडीत समजावताना धानाचं बी वापरलं: जसं बी तसं पीक, पण एकाच शेतात दोन जातींचं बी मिसळलं तर काय उगवतं, ते. पाच पानांच्या फॉर्मनं झालं नसतं ते दोन मिनिटांत झालं. अशी माणसं गावात तयार करणं, त्यांना ओळखपत्र, पगार आणि शोधनिबंधावर नाव देणं, हाही क्षमतेचाच भाग आहे. शोधनिबंधावर त्यांचं नाव क्वचितच येतं.

पगाराचा विषय निघालाच आहे तर माझी खंत मोकळेपणानं सांगते. आपल्याकडे संशोधनाचा पैसा प्रकल्पाला मिळतो, तीन वर्षांसाठी, फार तर पाच. पहिलं वर्ष भरती आणि परवानग्यांत जातं. दुसऱ्या वर्षी मुलं-मुली नीट शिकतात, रक्त न फोडता घेऊ लागतात, वहीतली चूक स्वतः पकडू लागतात. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रकल्प संपतो आणि ती घरी जातात. कोणी मेडिकल स्टोअरमध्ये लागतो, कोणी तलाठी परीक्षेचा अभ्यास करतो. पुढच्या प्रकल्पाला पुन्हा नवी भरती, पुन्हा पहिलं वर्ष. विहीर अर्धी खणायची, बुजवायची आणि बाजूला नवी सुरू करायची, असा हा प्रकार. माझ्यासोबत शिकलेल्या सात जणींपैकी आज या कामात मी एकटी आहे. विदर्भात पाच माणसांची नोकरी कायम करायला सांगितली तर मी शास्त्रज्ञाच्या आधी ही पदं मागीन: नमुने सांभाळणारा तंत्रज्ञ, आकडेवारी जाणणारा एक जण, विदा, म्हणजे गोळा केलेली माहिती, तपासणारी एक बाई आणि गावाची भाषा बोलणाऱ्या दोघी.

आणि वैद्यकीय महाविद्यालयांमधून दरवर्षी लिहिले जाणारे प्रबंध? पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध सक्तीचा असतो. त्यातले बरेच दवाखान्यातल्या केसपेपरवर होतात, म्हणजे पुन्हा अंशावर. विदर्भातल्या महाविद्यालयांनी वीस-पंचवीस गावांची मिळून एकच कायमची नोंदवही ठेवली, आणि दरवर्षीच्या विद्यार्थ्यांनी तिच्यातूनच आपला प्रश्न घेतला, तर दहा वर्षांत आपल्याकडे असं काही असेल जे विकत घेता येत नाही. याला वेगळी इमारतही लागत नाही.

२०१७ साली यवतमाळमध्ये जे झालं, ते सगळ्यांना आठवत असेल. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात आले. काही कीटकनाशकं शरीरातल्या कोलिनेस्टेरेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) बांधून टाकतात. त्यामुळे नसांचा स्नायूंना दिलेला इशारा थांबतच नाही. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, श्वास कोंडणं. या विकराची पातळी रक्तात मोजली तर कोणत्या गटाचं विष आहे याचा अंदाज येतो आणि उतारा ठरवता येतो. ही तपासणी प्रत्येक कापूस-तालुक्यात असायला हवी, याबद्दल दुमत होऊ नये. पण माझा प्रश्न पुन्हा छेदाचा आहे. त्या हंगामात किती जणांनी फवारणी केली? कोणी किती दिवस, कोणती औषधं एकत्र करून, पंप कोणता, तोंडाला काय बांधून? ही नोंद असती तर कळलं असतं की धोका कशात होता: औषधात, मिश्रणात, उंच वाढलेल्या कपाशीत, की हवा पडलेल्या दुपारच्या वेळेत. मृतांची यादी झाली. फवारणाऱ्यांची झाली नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात एका जुन्या अभ्यासाचे निष्कर्ष सांगायला गेलो होतो. रक्त नेलं, पुढे काय झालं, हे गावाला परत येऊन सांगायचं असा माझा आग्रह असतो. चावडीसमोर सतरंजी टाकली, आकडे मोठ्या कागदावर लिहून लावले. सांगून झाल्यावर मागून एक बाई उभी राहिली. म्हणाली, "ताई, फवाऱ्याचं पाणी भरून आम्ही देतो. डब्बे आम्ही धुतो. दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदाले आम्ही जातो. दवाखान्यात लिवतात ते फवारणाऱ्या माणसाले लिवतात. आमाले कोणी मोजलं का?"

कोणीच मोजलेलं नव्हतं. या बायकांना मोजणाऱ्या अभ्यासाचा फॉर्म आम्ही आता तयार करतोय. तिलाच सोबत घेतलं आहे, कारण कोणत्या घरची कोण कुठल्या वावरात जाते, हे तिला पाठ आहे. पहिल्या पानावर आजाराचा एकही प्रश्न नाही. पहिल्या पानावर फक्त गावातल्या सगळ्या बायकांची नावं यायची आहेत, आजारी असोत वा नसोत.